होडीच्या आधी, होडीच्या नंतर : मुरूडचे मोकळे तास

रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू झाले की सोलापुरात सात रस्त्याच्या आसपासच्या घरांत दोन विषय हमखास निघतात. शीरखुर्म्याचा सुका मेवा कधी आणायचा, आणि बासी ईदला कुठे जायचे. पूर्वी बासी ईद म्हणजे कंबर तलाव, फार तर उजनी. आता पंधरा-वीस जणांची गाडी ठरवून थेट समुद्र गाठायचा बेत होतो. ज्यांना जमते ते पणजीला जाऊन मांडवीवरच्या संध्याकाळच्या क्रूझची तिकिटे काढतात. पण घरात वालिदा आहेत, सुना आहेत, लहान मुले आहेत, जेवण हलाल पाहिजे आणि बोटीवर नाचगाणे नको, अशा कुटुंबाची पावले बहुधा मुरूडकडे वळतात. तिथे जंजिरा आहे, शिडाची होडी आहे, जवळ मशिदी आहेत आणि कोकणी मुसलमानांची शेकडो वर्षांची वस्ती आहे.

किल्ल्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचे आहे ते होडीच्या आधीच्या आणि नंतरच्या तासांबद्दल. होडीची फेरी आणि किल्ल्यावरचा वेळ धरून दीड-दोन तास जातात. बाकीचा दिवस मोकळा असतो, आणि मुरूडला जी दुःखे घडली ती या मोकळ्या वेळात, किनाऱ्यावर घडली.

१ फेब्रुवारी २०१६ ची गोष्ट अनेकांना आठवत असेल. पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल मुरूडला आली होती. शंभराहून अधिक मुले-मुली. त्यांतली १४ जण मुरूडच्या किनाऱ्यावर बुडाली, आणि त्यांत मुली जास्त होत्या. ती मुले कुठल्या खडकावर चढली नव्हती, वादळात सापडली नव्हती. जिथे आपण चटई टाकून बसतो त्याच सपाट, शांत दिसणाऱ्या वाळूवरून ती पाण्यात उतरली होती. अल्लाह त्यांच्या आईवडिलांना सब्र देवो.

आपण सोलापूरकर समुद्राच्या बाबतीत अडाणी आहोत, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. सिद्धेश्वर तलावाचे पाणी सकाळी ज्या पायरीला लागलेले असते त्याच पायरीला संध्याकाळीही असते. उजनीचे पाणी वाढायला पावसाळा लागतो. त्यामुळे पाणी म्हणजे एका जागी थांबणारी वस्तू, असे आपल्या मनाने लहानपणापासून धरलेले असते. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. सुमारे सव्वासहा तास चढ, तेवढाच उतार. मुंबईच्या किनाऱ्याला मोठ्या भरतीच्या दिवशी हा चढउतार चार मीटरच्या आसपास जातो, म्हणजे साध्या घराच्या छतापेक्षा उंच. मुरूडची वाळू सपाट आहे. सपाट वाळूवर पाणी थोडेसे चढले तरी ते बरेच आत येते, आणि थोडे उतरले तरी बरेच मागे जाते.

हे घड्याळ चंद्रावर चालते. आणि चंद्राचा हिशेब आपल्या घरांत असतोच. "चांदाची आज किती तारीख?" हा प्रश्न विचारल्याशिवाय आपल्याकडे न्याज ठरत नाही, बरसी ठरत नाही. फक्त या तारखेचा उपयोग समुद्रावर होतो, हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते.

कोकणातल्या कोळ्यांचा एक जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट. जी तिथी असेल तिला पाऊणने गुणले की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी तीनला पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे. आता हे चांदाच्या तारखेत कसे बसवायचे? आपल्याकडे चांद दिसतो तो बहुधा द्वितीयेच्या संध्याकाळी, आणि दुसऱ्या दिवशी आपली एक तारीख होते, म्हणजे तृतीया. म्हणून चांदाच्या तारखेत दोन मिळवले की साधारण तिथी मिळते. बेरीज पंधराच्या पुढे गेली तर पंधरा वजा करायचे. उत्तरात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ त्या दिवशीच्या भरतीच्या तक्त्यात किंवा होडीवाल्याकडे मिळते. पण घरी बसून बेत आखायला हा हिशेब पुरतो.

आता बासी ईदचा हिशेब करून पाहा. शव्वालची दोन तारीख, अधिक दोन, म्हणजे चतुर्थी. भरती दुपारी तीनच्या सुमारास. तिच्या आधीची ओहोटी सकाळी नऊच्या आसपास, नंतरची रात्री नऊला. ईद कोणत्याही वर्षी, कोणत्याही महिन्यात येवो, हे बदलत नाही. शव्वालचा चांद दिसल्यावरच ईद होते, त्यामुळे ईदच्या दिवशी समुद्र दरवर्षी जवळपास त्याच अवस्थेत असतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चढउतार सर्वांत मोठा असतो, त्याला किनाऱ्यावर उधाण म्हणतात. अर्ध्या चंद्राच्या दिवसांत तो लहान असतो, त्याला भांग म्हणतात. पण उधाणाचा जोर नेमक्या अमावास्येला नसतो, तो एक-दोन दिवसांनी येतो. म्हणजे चांदरात, ईद आणि बासी ईद! आपली कुटुंबे वर्षातून ज्या दिवशी सर्वांत जास्त संख्येने समुद्रावर जातात, ते नेमके उधाणाचे दिवस असतात. त्यातही मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास, दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, उधाण आणखी वाढते. २०२६ ची रमजान ईद मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस येते.

पाणी सहाही तास सारख्या वेगाने चढत-उतरत नाही. पहिल्या तासात थोडे हलते, तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात जास्त, आणि शेवटी पुन्हा मंदावते. एकूण चढउताराचा जवळजवळ निम्मा भाग त्या मधल्या दोन तासांत होतो. बासी ईदला दुपारी तीनला भरती संपली, तर ओहोटीचा जोर पाच ते सात. जेवून, आराम करून, असरची नमाज पढून कुटुंब किनाऱ्यावर येते ती हीच वेळ. समोर पाणी मागे जात असते, ओली चकचकीत वाळू उघडी पडत असते, आणि मुले त्या पाण्यामागे पळत जातात. पाणी दूर जाते आहे म्हणजे धोका कमी होतो आहे, असे आपल्याला वाटते. पण त्या वेळी पायाखालची ओढ समुद्राच्या दिशेने असते.

बकरीदला उलटे होते. दहा अधिक दोन, द्वादशी. भरती सकाळी नऊ आणि रात्री नऊ, ओहोटी दुपारी तीन. संध्याकाळी पाच ते सात पाणी जोरात आत येत असते. वाळू दिसायला सपाट असली तरी तिच्यात खोलगट पट्टे असतात. चढते पाणी आधी त्या पट्ट्यांत भरते, म्हणजे तुमच्या पाठीमागे. तुम्ही उंचवट्यावर घोटाभर पाण्यात उभे असता आणि परतायच्या वाटेत कमरेएवढे पाणी झालेले असते. अलिबागला कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाणारे लोक असेच अडकतात.

२०१६ च्या त्या दिवसाची तिथी मांडली तर ती अष्टमी येते. चंद्र अर्धा. म्हणजे उधाण नव्हते, भांगाचाच दिवस होता. दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी, आणि दोन ते चार भरतीचा जोर. भांग आहे म्हणून निर्धास्त व्हावे असे काही नसते, हेही यातून दिसते.

आता या हिशेबावर बासी ईदचा दिवस कसा लावायचा ते पाहू. ईदच्या रात्री इशानंतर सोलापूर सोडले, तर पुण्यावरून ताम्हिणी घाटाने माणगावला उतरून सकाळी मुरूड गाठता येते. अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास आहे. ड्रायव्हर दोन असावेत, कारण रमजानभर कमी झोप झालेला माणूस रात्री घाटात गाडी चालवतो हा धोका समुद्रापेक्षा लहान नाही. मुरूडहून राजपुरी चार-पाच किलोमीटर. जंजिऱ्याच्या होड्या तिथून सुटतात. सकाळीच होडी धरावी. ऊन कमी, गर्दी कमी. बासी ईद शुक्रवारी आली तर लक्षात ठेवा, जुम्याच्या वेळी दुपारी तिथल्या होड्या थांबतात. होडी चालवणारेही नमाजीच आहेत.

'जंजिरा' हा शब्द अरबी 'जझीरा'वरून आला, म्हणजे बेट. मदरशात जाणाऱ्या मुलांना हे सांगितले की त्यांना किल्ला आपला वाटायला लागतो. हबशी मूळ असलेल्या सिद्दींचे हे राज्य १९४८ मध्ये भारतात विलीन होईपर्यंत टिकले. किल्ल्याला १९ बुरूज आहेत आणि मुख्य दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात भराव टाकून वाट करण्याचा प्रयत्न केला होता, यावरून हे ठाणे किती अवघड होते ते कळते. चारी बाजूंना खारे पाणी आणि आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव. 'कलाल बांगडी' ही प्रचंड तोफ मुले विसरत नाहीत.

पण मुलांच्या आधी वयस्कर माणसांचा विचार करा. मुख्य दरवाजाच्या पायऱ्यांशी होडी लाटेबरोबर वर-खाली होत असते आणि नेमक्या क्षणी पाय टाकून उतरावे लागते. बासी ईदला सकाळी ओहोटी असल्याने खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांवर शेवाळ असते. गुडघेदुखी असलेल्या अम्मींना केवळ सगळे चालले म्हणून ओढून नेऊ नये. त्यांना राजपुरीच्या धक्क्यावर सावलीत बसवावे आणि त्यांच्याजवळ एक समजूतदार माणूस ठेवावा. किनाऱ्यावरून किल्ला छान दिसतो. होडीत बसल्यावर जॅकेट मिळाले तर ते अंगात घालून बंद बांधावेत. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि १५ जीव गेले. तिथेही प्रवासी सहलीलाच निघालेले होते. मुलाच्या मापाचे जॅकेट नसेल तर पुढची होडी घ्यावी. दहा मिनिटांचा प्रश्न असतो.

होडीत पाय टाकताना नूह अलैहिस्सलाम यांची नावेत चढतानाची दुआ, जी सूरह हूदमध्ये आहे, ती मुलांना घरूनच पाठ करून न्यावी. आपल्या घरांतल्या जुन्या पिढीला ती पाठ असे, कारण १९९५ पर्यंत हजला मुंबईहून जहाजाने जाता येत होते आणि अनेक दिवस समुद्रावर काढावे लागत. त्या हाजींकडे पाण्याबद्दल एक अदब होती. समुद्राचे नाव काढले तरी आवाज खाली यायचा. विमान आल्यावर वेळ वाचला, ती अदब मात्र मुलांपर्यंत आली नाही.

होडीतून अकराच्या सुमारास परतलात की खरा मोकळा वेळ सुरू होतो. यातला पहिला भाग पाण्यापासून दूर घालवावा असे माझे मत आहे. राजपुरीजवळच खोकरीला सिद्दींचे घुमटवाले मकबरे आहेत. त्यात सर्वांत मोठा सिद्दी सुरूल खानाचा, आणि शेजारी याकूत खान व खैरियत खान यांचे. तीनशे वर्षांची दगडी कमान, जाळ्या, आणि बहुतेक वेळा शुकशुकाट. विजापूर आपल्याला जवळ. गोलघुमट आपण लहानपणापासून पाहतो. तरी समुद्राच्या वाऱ्यात उभे असलेले हे घुमट वेगळे वाटतात. किल्ल्यावर गर्दी करणाऱ्यांपैकी फार थोडे इकडे फिरकतात, याचे मला नवल वाटते. फातिहा पढावी, मुलांना कमानींवर चढू देऊ नये. मुरूडच्या टोकाला नवाबांचा राजवाडा आहे. तो खासगी असल्याने रस्त्यावरूनच पाहायचा.

दुपारचे जेवण मुरूडलाच घ्यावे. सूरह माइदामध्ये समुद्राची शिकार हलाल ठरवलेली आहे, त्यामुळे इथे जेवणाचा प्रश्न सुटसुटीत होतो. फक्त एक गंमत घडते. कोकणी मुसलमान शाफई, आपण सोलापूरचे बहुतेक हनफी. ते खेकडे, शिंपल्या आनंदाने वाढतील आणि आपल्याकडची आजी ताट पाहून थबकेल. हनफींमध्ये मासळीवर एकमत आहे, कोळंबीवर आलिमांचे मतभेद आहेत. ज्याला जे पटते ते त्याने घ्यावे. पाहुण्याने यजमानाच्या ताटावर मसला काढू नये. नारळाच्या रसातली सुरमई आणि तांदळाची भाकरी समोर आली की आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी पिशवीतच राहते. ती परतीच्या वाटेवर, रात्री घाटात भूक लागल्यावर कामाला येते.

नमाजच्या वेळेतही हाच फरक दिसतो. शाफई पद्धतीप्रमाणे असरची वेळ हनफी वेळेपेक्षा तासभर तरी आधी सुरू होते. मुरूडच्या मशिदीत असरची अजान ऐकून सोलापूरकर घड्याळ पाहतो. मुक्काम पंधरा दिवसांहून कमी, म्हणून आपण मुसाफिर. एकटे पढलो तर चार रकातींच्या फर्जऐवजी दोन, आणि स्थानिक इमामाच्या मागे पढलो तर पूर्ण चार. शंका असेल तर घरून निघण्याआधी मौलानांना विचारून घ्यावे. मी हे इथे सांगतो आहे ते वेगळ्या कारणासाठी. असरच्या जमातीला गाडीतले सगळे पुरुष एकदम उठून जातात. किनाऱ्यावर उरतात बायका, सामान आणि सात-आठ मुले. त्याच वेळी बासी ईदची ओहोटी जोर धरते. म्हणून दोन तुकड्या कराव्यात. अर्धे पुरुष मशिदीत जावेत, अर्ध्यांनी नंतर वाळूवर जमात करावी, आणि तोवर पाण्याकडे तोंड करून उभे राहावे. बायकांच्या नमाजच्या वेळी हेच उलट करावे. मुलांवर नजर ठेवणे हे फक्त आईचे काम आहे, असे कुठल्या किताबात लिहिलेले नाही.

बायकांच्या कपड्यांबद्दल एक स्पष्ट बोलतो. बुरखा, लांब कुर्ता, ओढणी, किंवा मुलांची जीन्स, पाणी प्यायली की फार जड होतात आणि पायांत गुंडाळतात. हे कपडे बदला असे मी म्हणत नाही. या कपड्यांत घोट्याच्या वर पाणी येऊ देऊ नका, एवढेच. मुलींना पोहायला शिकवायचे असेल तर त्यासाठी बायकांसाठी राखीव वेळ असलेला तलाव शोधावा. मुरूडच्या लाटांत ते शिक्षण होत नाही.

पाण्याकडे पाहायचे कसे? जिथे लाटा फुटून पांढरा फेस येतो आणि मधेच एक पट्टा फेस नसलेला, गडद, शांत दिसतो, तिथे जाऊ नये. नवख्याला तोच पट्टा सुरक्षित वाटतो; खरे तर किनाऱ्यावर आलेले पाणी तिथूनच परत आत जात असते. त्यात कोणी सापडलाच तर किनाऱ्याकडे झुंजत पोहू नये, दम तिथेच संपतो. अंग सैल सोडून तरंगावे, हात वर करावा, आणि जमेल तसे आडवे, किनाऱ्याला समांतर सरकावे. बाहेर उभ्या असलेल्यांनी एकामागोमाग उड्या मारू नयेत. भाऊ भावाला वाचवायला जातो आणि घरातून दोन जनाजे निघतात, हे आपण वर्तमानपत्रांत किती वेळा वाचले आहे. दोरी, रिकामा बंद डबा, बांधलेल्या ओढण्या, जे तरंगते किंवा पोहोचते ते फेकावे, जीवरक्षकाला आणि जवळच्या कोळ्याला हाक मारावी, ११२ ला फोन करावा. आणि किनाऱ्यावरचा स्थानिक माणूस "चाची, पोरांना मागे घ्या" म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नये.

एवढे सांभाळले की संध्याकाळ सुंदर असते. बासी ईदला सूर्य बुडेपर्यंत पाणी बरेच मागे गेलेले असते, ओल्या वाळूवर आकाश उतरलेले दिसते, दूर समुद्रात पद्मदुर्ग काळा पडत जातो. मुले शिंपले गोळा करतात, आजी चटईवरून त्यांना हाका मारते. मगरिबसाठी वाळूवरच सफ लागते. पश्चिमेला शव्वालचा कोवळा चांद असतो. ज्याच्यासाठी आपण दोन दिवसांपूर्वी गच्चीवर उभे होतो तोच हा चांद, आणि समोरचे पाणीही त्याच्याच मागे चाललेले असते. मुलांना ते तिथेच दाखवावे.

मगरिबनंतर अंधारात कोणीही पाण्याकडे जाऊ नये. गाडीत बसल्यावर मोबाईल बाजूला ठेवून नावे घेऊन माणसे मोजावीत. शक्य असेल तर रात्र मुरूडला काढून सकाळी फजरनंतर निघावे. बकरीदला जाण्याचा विचार असेल तर आधी होड्यांची चौकशी करा. २०२६ मध्ये ती मे महिन्याच्या अखेरीस येते, आणि पावसाळ्याच्या तोंडावर जंजिऱ्याची वाहतूक बंद होते.